उंबरठ्यावरची निवड : फ्लॅश कॅश या विषयाची प्रस्तावना

जुलैचा शेवटचा आठवडा आला की भोकरदनपासून परतूरपर्यंत, जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत, आपले सरकार सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात. खरीप पीकविम्याची मुदत बहुधा ३१ जुलैला संपते. रांगेतल्या प्रत्येकाला सातबारा हवा असतो, आठ-अ हवा असतो, आणि तो आत्ताच्या आत्ता हवा असतो. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे ऑनलाइन मिळू लागले आणि तलाठी कार्यालयातली रांग संगणकाच्या पडद्यापुढे येऊन उभी राहिली. ऑपरेटर गट नंबर टाकतो, पडद्यावरचे चक्र फिरत राहते, आणि मागून कोणीतरी विचारते, "काय झालं भाऊ, सर्व्हर डाऊन?"

सर्व्हर डाऊन हे अनेक आजारांचे एकच नाव आहे. कधी नेट मंद असते, कधी प्रोग्राम कच्चा असतो, कधी एकाच वेळी येणारी माणसे जास्त असतात. यांतला एक आजार मात्र जुना आणि चिवट आहे : फिरत्या तबकडीवरून माहिती उचलायला लागणारा वेळ. या पुस्तकाचा विषय तेवढाच आहे. कोणत्या शासकीय यंत्रणेत कोणती डिस्क बसवली आहे याची चर्चा मला करायची नाही. रांगेचे उदाहरण घेतले ते मागणीचा आकार डोळ्यांसमोर यावा म्हणून, आणि तो आकार पुढे आपल्याला बारकाईने पाहावा लागणार आहे.

आधी तबकडी पाहू. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी हार्डडिस्क सेकंदाला १२० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा सरासरी अर्ध्या फेऱ्यानंतर मुंडीखाली येते, म्हणजे सुमारे ४.१७ मिलिसेकंद. त्याआधी मुंडी योग्य वर्तुळावर सरकायला हवी, त्याचे साधारण ८ मिलिसेकंद. एकूण १२. विखुरलेल्या जागांवरून एकेक तुकडा उचलायचा असेल तर अशी डिस्क सेकंदाला ऐंशीच्या आसपास कामे करते. आयबीएमने १९५६ मध्ये रामॅक ही पहिली डिस्क बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, आणि सगळ्या मिळून पन्नास लाख अक्षरे. तेव्हापासून डिस्कची साठवण लाखो पटींनी वाढली. फिरण्याचा वेग मात्र फार वाढला नाही, कारण तो यंत्राचा वेग आहे. धातू, बेअरिंग आणि हवा यांना मर्यादा असतात.

फ्लॅशमध्ये फिरणारे काही नसते. बेल लॅब्जमध्ये १९६७ साली डावोन काँग आणि सायमन झी यांनी तरंगत्या गेटची कल्पना मांडली : विद्युतरोधकात पुरलेल्या एका छोट्या पट्टीत इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायचे, वीज गेली तरी ते तिथेच राहतात. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये त्यातून फ्लॅश मेमरी उभी केली आणि १९८७ मध्ये आज सर्वत्र वापरली जाणारी नँड रचना जगापुढे आली. एसएसडीवरून, म्हणजे अशा फ्लॅशच्या ड्राइव्हवरून, एक तुकडा वाचायला साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो. डिस्कच्या १२ मिलिसेकंदांशी ताडून पाहा : सव्वाशे पटींच्या आसपास फरक.

मग सगळेच एसएसडीवर का ठेवू नये? ज्याच्याकडे थोडा डेटा आहे त्याने खुशाल ठेवावे. तुमच्या-माझ्या लॅपटॉपमध्ये ते कधीच होऊन गेले. ज्याच्याकडे शेकडो टेराबाइट आहेत त्याला मात्र हिशेब मांडावा लागतो, कारण टेराबाइटमागे फ्लॅशची किंमत अजूनही डिस्कच्या कित्येक पट आहे, आणि त्या शेकडो टेराबाइटांपैकी बहुतेक माहितीला वर्षभर कोणी हात लावत नाही. म्हणून मधला मार्ग निघतो. सगळा साठा डिस्कवर, आणि त्यापुढे फ्लॅशचा छोटा साठा, ज्यात वारंवार लागणाऱ्या माहितीची प्रत राहील. हीच फ्लॅश कॅश.

कल्पना नवी नाही. केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये एका अगदी छोट्या लेखात मुख्य मेमरीपुढे लहान, वेगवान 'गुलाम मेमरी' ठेवण्याची सूचना केली. १९६८ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टीम/३६० मॉडेल ८५ या यंत्रात ती कॅश या नावाने आली. आज प्रोसेसरच्या पोटात तीन-तीन पातळ्यांच्या कॅश असतात. फ्लॅश कॅश ही त्याच घराण्यातली धाकटी, पण स्वभावाने वेगळी. या वेगळेपणाची नीट ओळख करून देता आली तर या पुस्तकाचे काम झाले असे मी समजेन.

जालन्याच्या वाचकाला हे वेगळेपण शेततळ्यावरून सांगता येते. जालना तालुक्यातले कडवंची हे गाव शेततळ्यांसाठी आणि त्यांवर पोसलेल्या द्राक्षबागांसाठी राज्यभर ओळखले जाते. नव्वदच्या दशकात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने तिथे पाणलोटाचे काम उभे राहिले. पाण्याचा मोठा साठा दूर किंवा खोल, बागेजवळ अस्तर घातलेले तळे, आणि एप्रिल-मेमध्ये बाग जगते ती त्या तळ्यावर. जवळचा छोटा साठा दूरच्या मोठ्या साठ्याची उणीव भरून काढतो, इथवर उपमा चालते. पुढे ती दोन ठिकाणी मोडते. तळ्यातले पाणी एकदा दिले की संपले. कॅशमधली प्रत हजारदा वाचली तरी तिथेच असते आणि मूळ माहिती डिस्कवर शाबूत असते. दुसरे, तळे भरल्याने तळे झिजत नाही. फ्लॅश भरल्याने फ्लॅश झिजते.

या दुसऱ्या फरकापाशी थांबले पाहिजे. फ्लॅशमध्ये लिहायचे तर पानापानाने लिहिता येते. एक पान काही किलोबाइटचे. पुसायचे मात्र अख्ख्या ब्लॉकने, आणि एका ब्लॉकमध्ये शेकडो पाने असतात. लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही, आधी पूर्ण ब्लॉक पुसावा लागतो. त्यामुळे एसएसडीच्या आतला नियंत्रक सतत आवराआवर करत असतो : जिवंत पाने दुसरीकडे हलवायची, ब्लॉक रिकामा करायचा, पुसायचा. आपण एक गिगाबाइट लिहितो तेव्हा आत दीड-दोन गिगाबाइटही लिहिले जाऊ शकतात. प्रत्येक पुसण्याबरोबर तरंगत्या गेटभोवतीचा विद्युतरोधक थर थोडा थोडा खराब होतो. एका पेशीत एकच बिट ठेवणारी जुनी फ्लॅश सुमारे एक लाख वेळा पुसता येत असे. आजची स्वस्त, पेशीत तीन किंवा चार बिट कोंबणारी फ्लॅश हजार ते तीन हजार वेळा, कधी त्याहूनही कमी वेळा पुसता येते.

याचा हिशेब प्रत्यक्ष करून पाहावा. ४८० गिगाबाइटची एक एसएसडी घेतली. उत्पादक सांगतो, रोज एकदा पूर्ण भरा, पाच वर्षे चालेल. म्हणजे ४८० गुणिले ३६५ गुणिले ५ : एकूण ८७६ टेराबाइट लिहिण्याची मुभा. आता ही एसएसडी कॅश म्हणून लावली आणि डिस्कवरून जे जे वाचले जाईल ते ते तिच्यात भरायचे असे ठरवले. भरण्याचा वेग सेकंदाला सरासरी १०० मेगाबाइट धरू. सर्व्हरच्या मानाने हा काही फार नव्हे. दिवसाला ८.६४ टेराबाइट. ८७६ भागिले ८.६४ : एकशे एक दिवस. पाच वर्षांची एसएसडी साडेतीन महिन्यांत संपली, आणि तिने भरून घेतलेल्या माहितीपैकी बहुतेक माहिती दुसऱ्यांदा कोणी मागितलीही नसेल.

रॅममधल्या कॅशला ही चिंता नसते. तिथे येईल त्याला आत घ्यायचे आणि जागा संपली की कोणाला बाहेर काढायचे एवढाच प्रश्न असतो. म्हणूनच कॅशवरचे पन्नास वर्षांचे वाङ्मय 'बाहेर कोणाला काढावे' या प्रश्नाभोवती फिरते. फ्लॅशमध्ये खरा प्रश्न उंबरठ्यावर आहे : आत कोणाला घ्यावे, आणि त्याहूनही, कोणाला घेऊ नये. माझ्या मते या क्षेत्रातले जवळजवळ प्रत्येक चांगले काम याच प्रश्नाचे उत्तर आहे. लेखकाने तसे म्हटलेले नसले तरीही.

आता रांगेकडे परत जाऊ आणि एका सातबाऱ्याच्या मागणीचा माग काढू. समजा, एका तालुक्याच्या नोंदींचा डेटाबेस डिस्कवर आहे. ऑपरेटरने गाव आणि गट नंबर टाकला की डेटाबेस आधी अनुक्रमणिकेच्या झाडावर जातो : मुळाचे पान, मग मधले पान, मग टोकाचे पान, आणि तिथून मिळालेल्या पत्त्यावर प्रत्यक्ष नोंदीचे पान. मुळाचे आणि मधले पान प्रत्येक मागणीला लागते, त्यामुळे ते रॅममध्ये आपोआप टिकते. टोकाच्या एका पानावर शेकडो गटांचे पत्ते, म्हणजे साधारण एखाद्या गावाचे. जुलैअखेर त्या गावातून दर काही मिनिटांनी कोणीतरी येतेच, तेव्हा हे पान मिनिटामिनिटांनी लागते. आणि एका शेतकऱ्याची स्वतःची नोंद? ती आज विम्यासाठी लागली, चार दिवसांनी पीककर्जासाठी बँकेत लागेल, त्यानंतर ई-पीक पाहणीच्या वेळी, आणि मग कदाचित पुढच्या वर्षी.

एकाच डेटाबेसमधल्या पानांचे पुन्हा लागण्याचे अंतर असे सेकंदांपासून वर्षापर्यंत पसरलेले आहे. सेकंदांत पुन्हा लागणारे रॅमने सांभाळावे. वर्षातून एकदा लागणारे डिस्कवर पडून राहिले तरी कोणाचे बिघडत नाही. मधला पट्टा, म्हणजे मिनिटांपासून काही दिवसांपर्यंतचा, रॅमला परवडत नाही आणि डिस्कला झेपत नाही. फ्लॅश कॅशचे शिवार ते.

हा पट्टा मोजायचा एक जुना आणि सुंदर नियम आहे. जिम ग्रे आणि फ्रँको पुत्झोलू यांनी १९८७ मध्ये साधा प्रश्न विचारला : एखादे पान रॅममध्ये ठेवणे केव्हा परवडते? डिस्ककडून सेकंदाला एक वाचन करून घ्यायला, वायरी-प्रोसेसर धरून, तेव्हा सुमारे २,००० डॉलर पडत. एक किलोबाइट रॅमला ५ डॉलर. २,००० भागिले ५ म्हणजे ४०० सेकंद. जे पान दर ४०० सेकंदांच्या आत पुन्हा लागते ते रॅममध्ये ठेवणे स्वस्त, जे त्याहून उशिरा लागते ते डिस्कवरून आणणे स्वस्त. ४०० सेकंदांना त्यांनी ढोबळमानाने पाच मिनिटे म्हटले आणि नियम त्या नावाने प्रसिद्ध झाला. जिम ग्रे जानेवारी २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या समुद्रात आपल्या होडीसह बेपत्ता झाले. त्याच वर्षी गट्झ ग्रेफे यांनी वीस वर्षांनंतरचे आकडे घालून तोच नियम पुन्हा मांडला आणि त्यात रॅम व डिस्क यांच्या मध्ये फ्लॅशची पायरी बसवली. अर्थशास्त्राचा भागाकार एवढ्यावर उभा असलेला नियम चाळीस वर्षे शिकवला जातो आहे. विद्यार्थ्याने तो पाठ करू नये. आजचे बाजारभाव घालून स्वतः सोडवावा.

किती फायदा होतो, याबद्दल एक गैरसमज आधीच दूर करतो. शंभरपैकी नव्वद मागण्या कॅशमधून भागल्या तर सगळे छान झाले असे वाटते. नव्वद वेळा ०.१ आणि दहा वेळा १२ मिलिसेकंद, सरासरी १.२९. नुसत्या डिस्कच्या नऊपट वेग, यात शंका नाही. पण या १.२९ मधले १.२ त्या दहा चुकलेल्या मागण्यांचे आहेत. हिटचे, म्हणजे कॅशमधून भागलेल्या मागण्यांचे, प्रमाण नव्वदवरून नव्याण्णववर नेले तर सरासरी ०.२२ वर येते, म्हणजे पुन्हा जवळजवळ सहापट. याचा व्यवहारी अर्थ असा की आणखी वेगवान, आणखी महाग एसएसडी घेऊन फारसे हाती लागत नाही. कॅशमध्ये काय ठेवले आहे ते सुधारले तर लागते. दुकानदार मात्र नेहमी वेगाचा आकडा दाखवतो.

आणि सर्वांत वाईट शत्रू रात्री येतो. बॅकअप. रात्री दोन वाजता बॅकअपचा प्रोग्राम डिस्कवरचे प्रत्येक पान एकेकदा वाचत जातो. कॅशचा नियम 'सर्वांत अलीकडे वापरलेले ठेवा, सर्वांत जुने काढा' असा भाबडा असेल तर पहाटेपर्यंत दिवसभर जमवलेली सगळी कामाची पाने बाहेर गेलेली असतात आणि त्यांच्या जागी पुन्हा कधी न लागणारी पाने बसलेली असतात. सकाळी दहाला रांग लागते तेव्हा कॅश भरलेली आहे, आणि निरुपयोगी आहे. शिवाय ती भरताना एसएसडी झिजली ती वेगळीच.

या दुखण्यावरचा एक गाजलेला उपाय ज्यांनी शोधला त्यांच्यातला एक जण मुंबईत शिकलेला आहे. पवईच्या आयआयटीतून १९९० मध्ये संगणकशास्त्राची पदवी घेतलेले धर्मेंद्र मोधा आणि त्यांचे सहकारी निम्रोद मेगिडो यांनी आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेत असताना २००३ मध्ये एआरसी ही पद्धत मांडली. तिच्यात दोन याद्या असतात. एकदाच वापरलेल्या पानांची एक, दोन किंवा अधिक वेळा वापरलेल्यांची दुसरी. बॅकअपने आणलेली पाने पहिल्या यादीतूनच निघून जातात, दुसऱ्या यादीला धक्का लागत नाही. खरी चतुराई पुढे आहे. बाहेर काढलेल्या पानांची फक्त नावे आणखी दोन याद्यांत काही काळ ठेवली जातात, पाने नव्हे, नुसती नावे. बाहेर गेलेले पान लगेच परत मागितले गेले तर ते कोणत्या यादीतून गेले होते हे कळते, आणि त्या यादीचा वाटा थोडा वाढवला जातो. कोणी आकडे फिरवत बसायला नको, कॅश आपले संतुलन आपणच शोधते. पोस्टग्रेस या डेटाबेसने २००५ मध्ये आठव्या आवृत्तीत ही पद्धत घेतली आणि पेटंटच्या भीतीने काही महिन्यांतच काढून टाकली. सन कंपनीच्या झेडएफएस या फाइल सिस्टीममध्ये मात्र ती रुजली.

नावांच्या या यादीचा फ्लॅशला मोठा उपयोग झाला. पान पहिल्यांदा मागितले गेले की फक्त त्याचे नाव लिहून ठेवायचे. दुसऱ्यांदा आले तरच फ्लॅशमध्ये जागा द्यायची. आपल्या रांगेतल्या एकदाच येणाऱ्या नोंदी अशा उंबरठ्यावरूनच परत जातात आणि गावाच्या अनुक्रमणिकेचे पान दुसऱ्या मिनिटाला आत येते. झेडएफएसमध्ये ब्रेंडन ग्रेग यांनी फ्लॅशची दुसरी पातळी जोडली तेव्हा त्यांनी आणखी सरळ उपाय केला : भरण्याच्या वेगावरच बंधन, सुरुवातीला सेकंदाला आठ मेगाबाइट. वर केलेल्या गणितात हा वेग घातला तर ४८० गिगाबाइटची एसएसडी दिवसाला दीड वेळाही भरत नाही.

लिनक्समधली बीकॅश तिसऱ्या बाजूने नकार देते. सलग, लांब वाचन डिस्कला चांगले जमते. मुंडी हलवावी लागत नाही, सेकंदाला दोनशे मेगाबाइट सहज निघतात. तेव्हा चार मेगाबाइटपेक्षा लांब सलग काम आले की बीकॅश ते मुळातच डिस्ककडे वळवते. म्हणूनच दुकानातल्या किंवा चौकातल्या सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरला फ्लॅश कॅश लावणे म्हणजे पैसे पाण्यात. तो दिवसभर सलग लिहितो आणि चोरी झाली तरच वाचतो. केंट ओव्हरस्ट्रीट यांची बीकॅश २०१३ मध्ये लिनक्सच्या ३.१० आवृत्तीत आली. तिच्या आधीच्या, ३.९ या आवृत्तीत डीएम-कॅश आली होती. त्याही आधी, २०१० मध्ये, फेसबुकच्या मोहन श्रीनिवासन यांनी मायएसक्यूएलच्या भल्यामोठ्या डेटाबेसांसाठी लिहिलेली फ्लॅशकॅश सर्वांसाठी खुली झाली होती. या तिन्हींचा कोड वाचता येतो, आणि ज्याला या विषयात खोल जायचे आहे त्याने तो वाचलाच पाहिजे.

वाचनाबद्दल एवढे झाले. लिहिण्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि आपल्याकडे तर तो विजेशी जोडलेला आहे. नवी माहिती आली की ती फ्लॅशवर आणि डिस्कवर दोन्हीकडे लिहून मगच 'झाले' म्हणायचे, ही राइट-थ्रू पद्धत. सुरक्षित, पण लिहिताना वेग डिस्कचाच. फक्त फ्लॅशवर लिहून 'झाले' म्हणायचे आणि डिस्कवर सवडीने उतरवायचे, ही राइट-बॅक. वेगवान, पण मधल्या काळात खरी, ताजी माहिती फक्त फ्लॅशवर असते आणि डिस्कवर शिळी. अशा वेळी लाईट गेली तर? फ्लॅशमधली माहिती विजेविना टिकते हे खरे. पण एसएसडीच्या आतल्या रॅममध्ये असलेले शेवटचे काही लिखाण टिकेलच असे नाही. सर्व्हरसाठीच्या एसएसडीत कपॅसिटर असतात, ते तेवढा क्षण निभावून नेतात; घरगुती, स्वस्त एसएसडीत बहुधा नसतात. यूपीएसची बॅटरी दोन वर्षे बदललेली नसेल तर तिच्यावर विसंबून राइट-बॅक चालू करू नये असे मी स्पष्ट सांगेन. आणि राइट-बॅकमध्ये असताना एसएसडीच मेली, तर उरलेल्या डिस्कवरची फाइल सिस्टीम अर्धी नवी आणि अर्धी जुनी, अशा कोणत्याच काळाची नसलेल्या अवस्थेत सापडते.

या दोन टोकांच्या मध्ये जागा आहे का? २०१३ मध्ये रिकार्डो कोलर, राजू रंगास्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की आहे. डिस्कवर सवडीने उतरवा, पण ज्या क्रमाने लिहिले गेले त्याच क्रमाने उतरवा. मग एसएसडी मेली तर डिस्क काही मिनिटे मागे असेल, पण सुसंगत असेल. किती मागे राहिलेले चालेल हे बँकेने वेगळे ठरवावे, ग्रंथालयाने वेगळे.

हेच रंगास्वामी २०१७ मध्ये आयआयटी मुंबईच्या देबदत्त मिश्रा आणि पुरुषोत्तम कुलकर्णी यांच्याबरोबर एका निबंधात भेटतात. त्या कामाचे नाव डबलडेकर. आजचा सर्व्हर एकट्याचा नसतो. एका यंत्रात अनेक आभासी यंत्रे, त्यांच्या पोटात अनेक कंटेनर, आणि सगळ्यांना मिळून एकच रॅम व एकच एसएसडी. मग कॅशमधला वाटा कोणाला किती? वरचा व्यवस्थापक आभासी यंत्रांना ओळखतो, आतल्या कंटेनरांना ओळखत नाही. डबलडेकरने ही ओळख करून दिली आणि रॅम व एसएसडी मिळून बनलेल्या कॅशची वाटणी कंटेनरपर्यंत नेली. पवईत झालेले हे काम मराठी विद्यार्थ्याला फारसे माहीत नसते. या पुस्तकाने ती उणीव थोडी भरावी.

पुण्याची गोष्ट अधिक ओळखीची, तरी अर्धीच सांगितली जाते. पुणे सॉफ्टवेअरचे शहर म्हणून मिरवते. ते साठवणुकीच्या सॉफ्टवेअरचे शहर आहे हे कमी जणांच्या लक्षात येते. व्हेरिटासचे मोठे विकासकेंद्र तिथे होते, आणि तिच्या व्हॉल्यूम मॅनेजर व फाइल सिस्टीमवर जगभरच्या बँका चालत. त्या उत्पादनमालेत २०१३ च्या सुमारास स्मार्टआयओ नावाने एसएसडीची कॅशही आली. कॅलसॉफ्ट ही साठवणुकीवरच पोसलेली कंपनी पुण्यातली, आणि २००८ मध्ये सुरू झालेली ड्रुव्हाही पुण्यातलीच. तिच्या संस्थापकांपैकी मिलिंद बोराटे यांनी त्याआधी, १९९९ मध्ये, प्रसाद डबक आणि संदीप फडके यांच्यासह विंडोज एनटीच्या कागदोपत्री न सांगितलेल्या अंतरंगावर इंग्रजीत पुस्तक लिहिले होते. मायक्रोसॉफ्टने जे सांगितले नाही ते या तिघांनी खणून काढले. मराठवाड्यातून पुण्यात नोकरीला जाणारी मुले या परंपरेत जाऊन बसतात, आणि बहुतेकांना आपण कशात बसलो ते दोन वर्षांनी कळते.

एक आक्षेप टाळता येणार नाही : हे क्षेत्र संपत तर आलेले नाही ना? काही भाग संपला आहे, हे मान्य. सीगेटने २०१० मध्ये आणलेली, पोटात ४ गिगाबाइट फ्लॅश असलेली मिश्र डिस्क आज लॅपटॉपमध्ये दिसत नाही. डिस्क आणि फ्लॅश यांची जोडी असलेली ॲपलची २०१२ ची फ्यूजन ड्राइव्ह इतिहासजमा झाली. डिस्कपुढची कॅश म्हणूनही विकली गेलेली ऑप्टेन मेमरी इंटेलने २०२२ मध्ये गुंडाळली. पण मोठ्या साठ्यांकडे पाहिले की चित्र उलटे दिसते. पूर्वीची ५०० गिगाबाइटची डिस्क सेकंदाला शंभर कामे करत असेल तर टेराबाइटमागे दोनशे कामे होत. आजची २० टेराबाइटची डिस्कही शंभरच करते. टेराबाइटमागे फक्त पाच. ती नुसती एकदा पूर्ण वाचायची तर, सेकंदाला २५० मेगाबाइटने, बावीस तास लागतात. डिस्क जितकी मोठी होत जाते तितकी ती माहितीच्या मानाने हळू होते, आणि तिच्यापुढे फ्लॅश ठेवण्याची गरज वाढते. क्लाउडच्या मोठ्या गोदामांत हेच चालले आहे. घरातून गेलेला विषय तिथे जाऊन मोठा झाला आहे.

अजून न सुटलेले प्रश्न बरेच आहेत. एक टेराबाइटच्या कॅशचे चार-चार किलोबाइटचे तुकडे केले तर ते सुमारे २७ कोटी होतात. प्रत्येक तुकडा कुठे आहे हे लक्षात ठेवायला १६ बाइट धरले तरी चार गिगाबाइट रॅम नुसत्या पत्त्यांत जाते. फ्लॅशची कॅश रॅम वाचवायला आणली आणि तीच रॅम खाऊ लागली. यंत्र बंद करून चालू केल्यावर कॅश रिकामी सुरू झाली तर पुन्हा भरायला तास, कधी दिवस लागतात; झेडएफएसमध्येही फ्लॅशमधला साठा रीबूटनंतर टिकवण्याची सोय २०२० मध्ये आली. एसएसडीचा नियंत्रक आत काय आवराआवर करतो हे कॅशला दिसत नाही आणि कॅशला काय हवे आहे हे नियंत्रकाला कळत नाही. दोघांनी बोलावे कसे, यावर अजून एकमत नाही.

या विषयात यायला फार तयारी लागत नाही. गणित दहावीच्या शेकडेवारीपलीकडे क्वचितच जाते. सी भाषा वाचता यावी, लिनक्सची भीती नसावी, आणि मोजल्याशिवाय विश्वास न ठेवण्याची खोड असावी. जालन्यात किंवा अंबडला बसून हा अभ्यास होऊ शकतो, त्यासाठी डेटा सेंटर लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज प्रयोगशाळेने आपल्या १३ सर्व्हरांच्या ३६ डिस्क-खंडांवर आठवडाभर आलेल्या प्रत्येक मागणीची नोंद अभ्यासकांसाठी मोफत खुली केली आहे. कोणता तुकडा, कधी, वाचला की लिहिला, सारे तीत आहे. ती उतरवून घ्या. पायथनमध्ये शंभर ओळींत दोन कॅश लिहा, एक येईल त्याला आत घेणारी आणि दुसरी दुसऱ्या भेटीलाच दार उघडणारी, आणि दोघींचे हिटचे प्रमाण व फ्लॅशवर पडलेले लिखाण शेजारी शेजारी मांडा. तो तक्ता हाताशी ठेवून पहिले प्रकरण वाचायला घ्या.